भीष्मांचे उत्तरायण आणि आमची संक्रांत

काही वर्षांपूर्वी इंदापूर तालुक्यातील एका गावी मकरसंक्रमण उत्सवास उपस्थित राहण्याचा योग आला होता. शाळेचे पटांगण, समोर ओळीने बसलेले बाल आणि तरुण स्वयंसेवक, मागे ग्रामस्थ आणि माता-भगिनी, आणि कुंपणापलीकडे वाऱ्यावर डोलणारी शाळू ज्वारी. वक्ते वडीलधारे, व्यासंगी आणि तळमळीचे. अंधारातून प्रकाशाकडे जाण्याचा हा दिवस, असे सुरेख विवेचन करून ते शेवटी म्हणाले, ‘आजपासून सूर्य उत्तरेकडे वळला. आजपासून दिवस तिळातिळाने मोठा होत जाणार.’

तिळगूळ वाटप चालू असताना सातवी-आठवीतील एक मुलगी धीर करून त्यांच्यापुढे उभी राहिली. ‘आजोबा, आमच्या भूगोलाच्या पुस्तकात २२ डिसेंबरपासून दिवस मोठा होतो असं दिलंय.’ आजोबा हसले. तिच्या हातावर तिळगूळ ठेवीत म्हणाले, ‘ते इंग्रजांचं गणित, बाळ. आपलं उत्तरायण आजच.’

मुलीने तिळगूळ घेतला, वाकून नमस्कार केला आणि ती निघून गेली. तिचे समाधान झाले नव्हते. मी दोन हातांवर उभा होतो आणि काही बोललो नाही. वक्त्यांविषयीचा आदर हे माझ्या मौनाचे कारण होते खरे, पण अर्धेच. उरलेले अर्धे असे की, नेमके तेच वाक्य मी स्वतः संक्रांतीवरील लेखांतून दोन-तीन वेळा लिहिलेले होते. मी कला शाखेचा पदवीधर. आकाशाशी माझा संबंध दिनदर्शिकेचे पान उलटण्यापुरता. त्या मुलीच्या प्रश्नाने मला ग्रंथालयात नेऊन बसवले. तेथे जे हाती लागले ते असे की, मुलगी बरोबर होती. आणि तिच्या पुस्तकातील गणित इंग्रजांचे नव्हते. ते तिच्याच पूर्वजांचे होते. आम्ही ते परक्यांच्या नावावर लिहून देऊन मोकळे झालो होतो.

प्रथम मूळ गोष्ट सांगितली पाहिजे, कारण सुशिक्षितांतही तिच्याविषयी घोटाळा आहे. पृथ्वी सूर्याच्या जवळ गेली की उन्हाळा आणि दूर गेली की हिवाळा, अशी समजूत अनेकांच्या मनात घट्ट बसलेली असते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. बारामतीत पहाटे शेकोट्या पेटतात त्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, म्हणजे सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर असते. आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात सर्वांत दूर, सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर. पन्नास लाख किलोमीटरच्या या फरकाने ऋतू घडत नाहीत. ऋतू घडतात ते पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे. वर्षभर हा आस ध्रुवताऱ्याच्या रोखाने तसाच राहतो आणि पृथ्वी मात्र सूर्याभोवती फिरते. त्यामुळे सहा महिने उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला, सहा महिने पाठ फिरवलेला. झुकलेला असताना किरण सरळ पडतात आणि दिवस मोठा असतो. पाठ फिरवलेली असताना किरण तिरपे येतात, तीच ऊब अधिक जमिनीवर पसरते आणि दिवसही आखूड. विजेरीचा झोत भिंतीवर सरळ टाकावा आणि मग तिरपा टाकावा, म्हणजे घरातल्या लहान मुलालाही हे उमजेल.

या हेलकाव्यात चार क्षण खुणेचे. २१ किंवा २२ डिसेंबरला सूर्य दक्षिणेची सीमा गाठून वळतो, तेथे उत्तरायण सुरू होते. २१ जूनच्या सुमारास उत्तरेची सीमा गाठून वळतो, ते दक्षिणायन. आणि मधले दोन विषुवदिन, २० किंवा २१ मार्च आणि २२ किंवा २३ सप्टेंबर, जेव्हा सूर्य ऐन पूर्वेला उगवतो आणि दिवस-रात्र जवळजवळ समान असतात.

हे सारे पाहायला दुर्बीण लागत नाही. बारामती आणि इंदापूर ही दोन्ही गावे सुमारे १८ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. येथे मोकळ्या जागी एक मीटर उंचीची सरळ काठी उभी करा. आपल्या शास्त्रकारांनी तिला शंकू म्हटले आहे आणि हजारो वर्षे दिशा, अक्षांश आणि अयन याच शंकूने काढले आहे. २२ डिसेंबरच्या माध्यान्ही तिची सावली उत्तरेला सुमारे ८९ सेंटीमीटर पडेल. विषुवदिनी ती ३३ सेंटीमीटरवर येईल. १२ मेच्या आसपास, सूर्य ऐन माथ्यावर आल्यामुळे सावली काठीच्या बुडाशी नाहीशी होईल. त्यालाच हल्ली शून्य सावली दिवस म्हणतात. त्यानंतर जी गंमत घडते ती पुण्या-मुंबईच्या पुष्कळ शिकलेल्यांनाही ठाऊक नसते. सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेला निघून जातो आणि माध्यान्हीची सावली दक्षिणेला पडू लागते. २१ जूनला ती दक्षिणेकडे नऊ सेंटीमीटर असते, आणि जुलैअखेरीस पुन्हा शून्य सावलीचा दिवस येतो. पण तो बहुधा ढगांत हरवतो. माध्यान्ह मात्र घड्याळाच्या बाराला धरू नये. घड्याळ आपण अलाहाबादजवळील रेखांशाचे लावतो. बारामतीला सूर्य मध्यावर येतो तो साडेबाराच्या आसपास, आणि इंदापुरात बारामतीच्या दोनेक मिनिटे आधी. सर्वांत आखूड सावली कोणत्या क्षणी पडते तेच पाहावे.

आता वक्त्यांच्या वाक्याकडे पुन्हा वळू. १४ जानेवारीला दिवस मोठा होऊ लागतो काय? या मुलखात सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा असतो, तो २१-२२ डिसेंबरचा. संक्रांत येईपर्यंत तो सुमारे सात मिनिटांनी वाढलेला असतो. सूर्य वळून तीन आठवडे उलटून गेलेले असतात.

तथापि, आपल्या वाडवडिलांना उगाच दोष देऊ नये, कारण येथे एक चकवा आहे. पहाटे उठणाऱ्याचा अनुभव निराळा असतो. डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्योदय उशिराच होत जातो. संक्रांतीच्या दिवशी तो २२ डिसेंबरच्या सूर्योदयाहून सात-आठ मिनिटे उशिराने होतो. दिवस वाढतो तो सायंकाळच्या बाजूने, कारण सूर्यास्त सुमारे चौदा मिनिटांनी पुढे गेलेला असतो. या दिवसांत पृथ्वी सूर्याजवळून वेगाने जात असते, त्यात आसाच्या कलाचा परिणाम मिसळतो आणि खरी माध्यान्हच घड्याळात पुढे सरकते, हे त्याचे कारण. प्रभात शाखेत जाणाऱ्या स्वयंसेवकाला जानेवारीच्या मध्यानंतरच पहाट लवकर उजाडू लागल्याचे जाणवते. तेव्हा ‘आजपासून उजेड वाढला’ हे त्याचे म्हणणे अनुभवाला धरून आहे. ते सायंशाखेला लागू पडत नाही, इतकेच!

मग संक्रांत आणि उत्तरायण यांची ताटातूट झाली कशी? मुलांचा भोवरा आठवा. वेग मंदावू लागला की तो स्वतःभोवती फिरता फिरता डोलू लागतो आणि त्याचे वरचे टोक हवेत सावकाश वर्तुळ काढते. पृथ्वीचा आसही असाच डोलतो, पण एका डोलण्यास सुमारे २६,००० वर्षे लागतात. त्यामुळे ज्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर सूर्य वळतो ते तारे सावकाश बदलत जातात. मकर राशीत सूर्याचा प्रवेश आपण ताऱ्यांवरून मोजतो, याला निरयन म्हणतात. सूर्याचे वळणे मात्र आसावर अवलंबून, ते सायन. या दोहोंत सुमारे ७२ वर्षांनी एक दिवसाचे अंतर पडते. दीड हजार वर्षांपूर्वी दोन्ही घटना जवळजवळ एकाच वेळी घडत होत्या, म्हणून त्या एकच मानल्या गेल्या. आज त्यांच्यात तेवीस-चोवीस दिवसांचे अंतर आहे आणि ते वाढतच जाणार आहे.

ज्यांना हे पटत नसेल त्यांनी आपलेच इतिहासाचे दाखले पाहावेत. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी मकरसंक्रांतीच्या दिवशी झाला. म्हणजे १८६३ साली संक्रांत १२ जानेवारीला होती. आज ती १४ किंवा १५ ला येते. पानिपतचा काळा दिवस १४ जानेवारी १७६१. त्याला आपण सर्रास संक्रांतीचा दिवस म्हणतो, ‘संक्रांत कोसळली’ असे वर्णन करतो. गणित सांगते की त्या वर्षी सूर्य १० जानेवारीच्या सुमारासच मकरेत गेला होता. भाऊसाहेबांच्या सैन्यावर संकट कोसळले ते संक्रांतीनंतर चार दिवसांनी. आजची तारीख आपण मागे ढकलतो आणि तिला इतिहास म्हणतो.

पानिपतच्या वेळी बत्तीस वर्षांचे असलेले एक मराठी कवी पुढे बारामतीचे भूषण ठरले. कऱ्हेच्या काठी, बाबूजी नाईकांच्या आश्रयाने, मोरोपंतांनी समग्र भारत आर्यांत उतरवले. माझ्या मनाला या प्रश्नाचा खरा उलगडा झाला तो गणिताच्या पुस्तकात नव्हे, तर भारतातील भीष्मपर्वाशी थबकल्यावर. शरपंजरी पडलेले पितामह प्राण रोखून उत्तरायणाची वाट पाहतात. अठ्ठावन्न रात्री त्या शय्येवर काढतात आणि माघ मासात, सूर्य वळल्याची खात्री झाल्यावर देह ठेवतात. हे उत्तरायण त्यांनी कोणत्या पंचांगात पाहिले होते? महाभारतात महिने आहेत, नक्षत्रे आहेत, पण मेष-वृषभादी राशींचा व्यवहार नाही. भीष्मांना मकर रास ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ते वाट पाहत होते ती आकाशात प्रत्यक्ष वळणाऱ्या सूर्याची. ज्या पुरुषाने मरणाचा क्षण सूर्याच्या खऱ्या गतीवर ठरवला, त्याचे नाव घेऊन आम्ही तीन आठवडे उशिराचे उत्तरायण साजरे करतो.

कोणी म्हणेल, हा सायन-निरयनाचा काथ्याकूट पाश्चात्त्यांनी आमच्या डोक्यात भरवला. मीही तसेच समजत होतो. परंतु यजुर्वेदात महिन्यांची जी नावे आहेत ती मधु आणि माधव, शुक्र आणि शुचि, नभस् आणि नभस्य, अशी जोडीजोडीने ऋतूंवरून आलेली आहेत. वेदांगज्योतिषात उत्तरायण धनिष्ठांच्या आरंभी सांगितले आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत नोंदवले की पूर्वीच्या शास्त्रांत अयने धनिष्ठा आणि आश्लेषांपाशी सांगितली होती, हल्ली ती मकर आणि कर्क यांच्या आरंभी होतात. आणि प्रत्यक्ष पाहून खात्री करून घ्यावी, असेही तो म्हणतो. ज्याच्या वचनावर आम्ही मकर आणि उत्तरायण यांची गाठ मारली, त्यानेच ती गाठ कायमची नसल्याचे सांगून ठेवले आहे! सिद्धान्तशिरोमणीकार भास्कराचार्य अयनचलनाच्या संदर्भात मुंजालाचे नाव घेतात. आणि सर्वांत नवल वाटावे अशी साक्ष आपल्या कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाची. त्याच्या १५२० सालच्या ग्रहलाघवावरून महाराष्ट्रातली पंचांगे शतकानुशतके तयार होत होती. त्यात अयनांश काढण्याची रीत अगदी सोपी: शक वर्षातून ४४४ वजा करा आणि साठाने भागा. पानिपतच्या शके १६८२ साठी हे गणित केले तर २० अंशांहून अधिक उत्तर येते. म्हणजे पेशवाईतल्या जोशीबुवांच्या घरातल्याच पोथीत, सूर्य संक्रांतीच्या वीस दिवस आधीच वळून गेल्याचे लिहिलेले होते. आज त्याच रीतीने गणित केले तर पंचवीस अंशांच्या वर जाते. प्रत्यक्ष अयनांश सव्वाचोवीसच्या आसपास आहे. गणेशाने वर्षाला एक कला धरली होती, खरी गती त्याहून थोडी कमी आहे. म्हणूनच वेध घेत राहावे लागते.

ही जाण आमच्यातून गेली कशी, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. परक्यांच्या राज्यात वेधशाळा ओस पडल्या, राजाश्रय आटला, हे खरे. पण त्याच परकीय राजवटीत, एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात, पुण्यात केरो लक्ष्मण छत्रे यांनी प्रत्यक्ष वेधांशी जुळणारे पंचांग सुरू केले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ मध्ये ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ मराठीत सिद्ध केला. विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह ते सायन पंचांगाचे पुरस्कर्ते होते. व्यंकटेश बापूजी केतकरांनी ग्रहगणितात आयुष्य घातले. लोकमान्यांनी ‘ओरायन’ १८९३ मध्ये प्रसिद्ध केला तो याच अयनचलनाच्या आधारे. वसंतसंपात एकेकाळी मृगशीर्षात होता, यावरून त्यांनी वेदांचा काळ मांडला. अयनचलन खोटे मानले तर लोकमान्यांचा तो सिद्धान्तच कोसळतो. १९०४ साली मुंबईत पंचांगशोधनाची परिषद भरली, तीतही लोकमान्य अग्रभागी होते. या सर्वांना इंग्रजांचे हस्तक म्हणण्याची कोणाची छाती आहे? सावरकरांच्या ‘विज्ञाननिष्ठ निबंधां’चा तर उल्लेखही पुरे.

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये दिनदर्शिका सुधारणा समिती नेमली गेली. अध्यक्ष डॉ. मेघनाद साहा. ते आमच्या विचारकुळातले नव्हेत, हे उघड आहे. पण समितीत नागपूरचे केशव लक्ष्मण दप्तरी होते आणि ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकरही होते. १९५५ मध्ये अहवाल आला आणि २२ मार्च १९५७ रोजी, १ चैत्र १८७९ या दिवशी, राष्ट्रीय सौर दिनदर्शिका अंमलात आली. तिच्यात वर्ष वसंतसंपाताच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते. १ आषाढ म्हणजे २२ जून, १ आश्विन म्हणजे २३ सप्टेंबर, १ पौष म्हणजे २२ डिसेंबर. चारही खुणेचे क्षण चार महिन्यांच्या उंबरठ्यावर बसवलेले आहेत. वैशाख ते भाद्रपद हे पाच महिने ३१ दिवसांचे आहेत. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्यापासून दूर असल्याने सावकाश चालते आणि ते अर्धे वर्ष काही दिवसांनी लांबते, हे त्यात ध्यानात घेतले आहे. जगात वापरात असलेल्या इंग्रजी दिनदर्शिकेत जुलै-ऑगस्ट एकतीसचे आणि फेब्रुवारी अठ्ठावीसचा का, याला रोमन परंपरेखेरीज उत्तर नाही. आमच्या राष्ट्रीय दिनदर्शिकेच्या प्रत्येक महिन्याच्या लांबीला आकाशात कारण आहे.

आणि तिची अवस्था काय? शासकीय राजपत्रावर छापली जाते. आकाशवाणीवर ‘भारतीय सौर’ म्हणून निवेदक एका दमात वाचून टाकतो. तिला कोणी विचारत नाही. काँग्रेसी राजवटीने तिची उपेक्षा केली हे म्हणणे सोपे आहे. पण स्वदेशीचा उच्चार करणाऱ्या आपण तरी ती किती वापरतो? निमंत्रणपत्रिकेवर युगाब्द असतो, शक असतो, तिथी असते. सौर दिनांक मी अपवादानेच पाहिला आहे. हा दोष मी आपल्याच घरचा म्हणून सांगतो.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे ऐकून घेतला पाहिजे. ‘सण लोकांच्या रक्तात असतात. संक्रांत २२ डिसेंबरला न्या म्हणणे म्हणजे श्रद्धेत ढवळाढवळ.’ मी तसे म्हणत नाही. सूर्य नक्षत्रचक्रातील मकर विभागात १४-१५ जानेवारीला जातो, ही खरीच घटना आहे आणि तिला मकरसंक्रांत म्हणणे योग्यच आहे. सुवासिनी सुगडात बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे आणि गव्हाच्या ओंब्या भरतात. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी होते. जानेवारीतला बारामती-इंदापूरचा शिवारच त्या सुगडात उतरलेला असतो. तो सण जेथे आहे तेथे राहो. मला हरकत आहे ती एकाच वाक्याला: ‘आजपासून उत्तरायण’. संक्रांतीचे महत्त्व सांगण्यासाठी ते वाक्य लागत नाही, आणि ते खरे नाही.

अर्थात, दूरवर पाहणाऱ्याने हेही ध्यानात घ्यावे की हीच सुगडे सावकाश ऋतूपासून सुटत आहेत. आणखी हजार वर्षांनी संक्रांत जानेवारीच्या अखेरीस येईल. साडेचार-पावणेपाच हजार वर्षांनी वसंतसंपातापाशी, जेव्हा बोरे संपलेली असतील आणि तिळगूळ उष्ण पडेल. हजार वर्षे ही आपल्यासारख्या प्राचीन समाजाला फार मोठी मुदत नाही. रामायणाचे आणि वेदांचे वय आपण अभिमानाने सांगतो. मग पुढच्या हजार वर्षांचा विचार करायला आपण कचरावे काय?

शेतकऱ्याच्या दृष्टीने तर हा प्रश्न पोथीतला नाही. बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेतला मुलूख. सह्याद्री ओलांडून येईपर्यंत ढग रिते होतात. मृगाचा पाऊस येथे हुलकावणी देतो आणि खरी भिस्त उत्तरा-हस्ताच्या पावसावर आणि त्यावर येणाऱ्या रब्बी ज्वारीवर असते. ही पावसाची नक्षत्रेही निरयनच. मृग आज ७-८ जूनला लागतो. पानिपतच्या काळात तो चार दिवस आधी लागत होता आणि वराहमिहिराच्या काळी मे महिन्याच्या मध्यानंतर. ढग नक्षत्र पाहून येत नाहीत. उन्हाळ्यात तापलेल्या जमिनीकडे समुद्रावरचे वारे ओढले जातात, आणि ती जमीन तापते आसाच्या कलाने. पाऊस सूर्याच्या मागे जातो, मृग ताऱ्यांच्या मागे. आपल्या शेतकऱ्याने नक्षत्रांचे आडाखे पिढ्यान्‌पिढ्या नकळत दुरुस्त करून घेतले, म्हणून ते चालले.

पिकांना आणि पाखरांना तर पंचांग लागतच नाही. भिगवण आणि कुंभारगावच्या उजनी जलाशयावर रोहित आणि पट्टकादंब उतरतात, ते ऋतू आणि दिवसाच्या लांबीची खूण ओळखून. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या परिसरातील उसाला तुरा कधी येणार हेही श्रावण-भाद्रपदात ठरते. दिवस आखडत साडेबारा तासांच्या आसपास आला की उसाच्या शेंड्यात फुलोऱ्याची तयारी सुरू होते आणि थंडीच्या तोंडावर तुरे दिसू लागतात. आमचा ऊस उत्पादक तुऱ्याने घटणाऱ्या वजनाची चिंता दरवर्षी करतो. त्या तुऱ्याचे मूळ पृथ्वीच्या साडेतेवीस अंशांत आहे, हे त्याला सांगायला आमच्या शाळा विसरतात.

आणि वारी? जगद्‌गुरू तुकोबारायांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेने पंढरीस जाते. २०२३ साली आषाढी २९ जूनला होती. दक्षिणायनाच्या संधीच्या सुमारास वैष्णवांचा मेळा याच मुलखातून चालत होता. त्या दिवसांत भर माध्यान्ही बेलवडीच्या किंवा इंदापूरच्या रिंगणात उभ्या असलेल्या वारकऱ्याची सावली त्याच्या दक्षिणेला, पंढरीच्या दिशेकडे झुकलेली असते. वर्षातल्या उरलेल्या बहुतेक दिवसांत ती उत्तरेला पडते. इतकी सुंदर गोष्ट आपल्या कीर्तनकारांनी अजून दृष्टान्तात कशी घेतली नाही, कोण जाणे.

पुरोगामी म्हणवणारी मंडळी संक्रांतीच्या या विसंगतीवर बोट ठेवून सारी परंपराच अडाणीपणाची ठरवतात. त्यांना उत्तर देण्याचा मार्ग आवाज चढवण्याचा नाही. गणेश दैवज्ञाचे सूत्र फळ्यावर लिहून दाखवावे, इतके ते सोपे आहे. ते लिहायचे तर आधी आपले वाक्य दुरुस्त करावे लागेल. मकरसंक्रमण उत्सवाच्या बौद्धिकात उत्तरायण तीन आठवड्यांपूर्वी झाले असे सांगावे, का झाले तेही सांगावे. आणि १ पौषाला, २२ डिसेंबरच्या माध्यान्ही, जमेल त्या शाखेने आणि शाळेने पटांगणात शंकू रोवावा. खर्च काही नाही. एक सरळ काठी, ओळंबा, चुना आणि तासभर ऊन.

गेल्या डिसेंबरात मी त्या गावी पुन्हा गेलो. मुलगी आता महाविद्यालयात असते, बारामतीला; भेट झाली नाही. तिच्या शाळेतील एका शिक्षकांनी मात्र माझे म्हणणे ऐकून घेतले. कडुलिंबाची दोन मीटरची काठी ओळंब्याने सरळ करून रोवली. २२ तारखेला बारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी मुले चुन्याचे ठिपके देत होती. सर्वांत आखूड सावली पडली ती साडेबाराच्या आसपास, आणि तिची लांबी भरली सुमारे १७७ सेंटीमीटर. ठिपका पुसला जाऊ नये म्हणून मुलांनी तेथे खुंटी मारून ठेवली. संक्रांतीच्या दिवशी उत्सव आटोपल्यावर तीच मुले, तिळगूळ तोंडात, पुन्हा काठीपाशी जमली. सूर्य या वेळी घड्याळात दहा मिनिटे उशिरा मध्यावर आला. सावलीचे टोक खुंटीला पोचले नाही. तेरा सेंटीमीटर अलीकडेच थांबले. गेल्या खेपेचे ते वडीलधारे वक्तेही गर्दीत होते. त्यांनी वाकून दोन खुणांमधले अंतर स्वतः वितीने मोजले, आणि शिक्षकांना विचारले, ‘मार्चमध्ये पुन्हा कधी मोजणार?’